जाड तंगूस
नव्या नायलॉनचा वास आला की मला आखातातल्या देऱ्यातलं ते मासेमारीच्या सामानाचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकात आमच्या साइटवरचा मल्याळी ड्रायव्हर म्हणाला, शुक्रवारी कयाकमधून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या चिमुकल्या होडीतून, पिवळ्या शेपटीचे मासे गरवायला जाऊ. म्हणून आम्ही तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, घ्यायला गेलो. म्हातारा दुकानदार म्हणाला, “हबीबी, छोटी नाव है, पतला लो.” मी कोकणातल्या नाखव्याचा मुलगा, मला कोण शिकवणार? मी सगळ्यात जाड रीळ उचललं. खोरफक्कानच्या निळ्याशार पाण्यात, घरच्या सवयीने, दोरीचं टोक कयाकच्या कडीलाच बांधलं. मासा लागला आणि कयाक माझ्यासकट भर समुद्राकडे निघाली. दोरी तुटेना, गाठ सुटेना. “काट दो, खलास!” मागून आपल्या कयाकमधून वल्हं मारत ड्रायव्हर ओरडत होता, आणि हसतही होता. शेवटी मी चाकू चालवला. पुढच्या आठवड्यात दुकानदाराने काही न विचारता बारीक रीळ पुढे सरकवलं. उरलेल्या जाड दोरीवर आज आमच्या अल नहदातल्या घराच्या बाल्कनीत टॉवेल वाळतात. बायको म्हणते, “आयुष्यात एक तरी वस्तू पारखून आणलीत.” मी मान डोलावतो.