किलनाऱ्याची वेस

“वेस न्हाई ते गाव कसलं?” लेकीकडे परदेशात, किलनाऱ्यात पाऊल टाकल्यापासून प्रल्हादअण्णांचं हे पालुपद सुरू होतं. त्यांची लेक पूर्णिमा, जवळच्या नावन शहरातल्या दवाखान्यातली डॉक्टर, ते ऐकून ऐकून दमली होती.

किलनारा म्हणजे एक चर्च, शॉनचा पब, सात घरं आणि हिरव्या कुरणांना चिरत जाणारा सुसाट रस्ता. डेअरी बंद पडली, शाळा उठली, नावाची पाटी तर कधी नव्हतीच. गाड्यांच्या वेगाला लगाम घाला म्हणावं, तर रस्तेखात्याचे साहेब म्हणत, आमच्या लेखी तिथे गावच नाही.

यात हाल झाले शेजारच्या ब्रीडाबाईंचे. चर्च समोरच, पण रस्त्यापलीकडे. काठी टेकत तो ओलांडायची छाती होईना. रविवारी घंटा वाजली की फाटकातूनच हात जोडायच्या.

हे अण्णांना बघवेना. साताऱ्याकडे त्यांनी सरपंचकी केलेली, ती अजून अंगातून उतरली नव्हती. एका धुकट सकाळी त्यांनी वळणावर धोंडा उभा केला, चुना फासला, शेंदूर लावला, बागेतली डॅफोडिल्स वाहिली. झाली वेस!

दोन दिवसांनी शॉन टोपी काढून दारात उभा. “डॉक्टर, तुमच्यातलं कोण गेलं?”

पूर्णिमाला तोंड कुठे लपवू असं झालं. “अण्णा, इथे रस्त्याकडेला फुलं ठेवतात ती कुणी अपघातात गेलं की! लोक गाडी हळू करून तुमच्या धोंड्यापुढे छातीवर क्रूस काढतायत!”

“हळू करत्यात न्हवं?”

“मुद्दा तो नाहीये, अण्णा!”

“मग कंचा हाय?”

तिने शॉनला खरं ते सांगितलं, माफी मागितली, धोंडा आजच उचलते म्हणाली. शॉन पोट धरून हसला. तेवढ्यात वळणावर एक भरधाव लॉरी गोगलगाय होऊन गेली. त्याचं हसू थांबलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “कुणी विचारलं, तर ही आमची वेस म्हणून सांगू. न विचारता सावकाश जाणाऱ्याला कशाला अडवा?”

रविवारी घंटा वाजली. ब्रीडाबाई चक्क फाटकाबाहेर आल्या. अण्णांनी कोट झटकून हात पुढे केला. “चला बाई, आपलंच गाव हाय.”

मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या बाई म्हणाल्या, “ग्रँड,” म्हणजे झकास, आणि त्यांचा हात धरला.

एक गाडी थांबली. चालवणाऱ्याने स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम केला. अण्णांनी सरपंचाच्या थाटात हात वर केला आणि बाईंच्या चालीने चालत राहिले. पबच्या दारातून शॉन बघत होता. खिडकीतून पूर्णिमा बघत होती. मागे चहा उतू गेला, तरी तिची नजर हलली नाही.