गोळीवाले गुरुजी

रामघाटावर पूजा सांगणारे गुरुजी पुष्कळ, पण यजमानाला औषधाच्या गोळ्या घेण्याचा संकल्प सोडायला लावणारे आमचे गुरुजी एकटेच. आमच्या उज्जैनमध्ये मन बिघडलं की माणसाला आधी ग्रहशांतीला नेतात, मग जमलं तर डॉक्टरकडे. गुरुजी शांती अगदी साग्रसंगीत करत. हातात पाणी, अक्षता, फूल, स्थळ झालं, काळ झाला, गोत्र झालं, की त्याच सुरात, डोळे मिटून म्हणत, "नियमितम् औषधसेवनं करिष्ये." यजमान बिचारा कानावर पडेल ते म्हणून मोकळा! पाणी ताम्हनात पडलं की गुरुजी डोळे उघडत. "अब शिप्रा मैया के सामने बोल दिया है. गोली बीच में छोड़ी, तो मैया को जवाब आप देना." घाटावरची मंडळी त्यांना गोळीवाले गुरुजी म्हणत, आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

ते स्वतः तरुणपणी या आजारातून गेलेले. किती तरी महिने घराच्या जिन्यावर भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणे. हे ते लपवत तर नसतच, उलट रंगवून सांगत. "सगळ्या प्रकारच्या शांती झाल्या हो माझ्यावर. वडीलच करणारे, घरचा मामला! शेवटी मावशी कंटाळली आणि मला इंदूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली." अजूनही अधूनमधून तो पाहुणा येतो, असं ते सांगायचे. बाकी माणूस मोठा हसरा. जिलेबी दिसली की वाट सोडणारा.

मला त्यांच्याकडे आईनं नेलं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एकदा वर्गात पानांच्या शिरा समजावता समजावता माझा आवाजच बंद झाला. समोर सगळ्या मुली टकामका बघतायत. मी खडू टेबलावर ठेवला, घरी आले आणि पलंग धरला. आई म्हणाली नजर लागली. घाटावर शांती झाली, तो सुप्रसिद्ध संकल्पही झाला, आणि गुरुजी आईला म्हणाले, "ताई, नारळ तुम्ही घरी न्या. हिला सोमवारी डॉक्टरांकडे न्यायचंय, मी बरोबर येतो." आणि खरंच आले हो! दवाखान्यात माझ्या शेजारी धोतर सावरून बसले आणि नर्सबाईंना एकादशी कधी आहे ते सांगत राहिले.

दर रविवारी गावातल्या फ्रीगंज भागात एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत ते आमच्यासारख्यांना जमवत. एक पैसा न घेता, वर पोहे स्वतःच्या घरून. नियम एकच: ज्यानं उपदेश केला, त्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा. कोणी "पॉझिटिव सोचो" म्हणालं, की सगळे एका सुरात ओरडत, "चाय!" सगळ्यात जास्त चहा अर्थात गुरुजींनीच केला. "काय करू, पिढीजात धंदा आहे," असं म्हणत मुकाट्यानं स्टो पेटवायला उठायचे. त्या खोलीत मी पुन्हा हसायला शिकले. बोलायला मात्र नाही. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढून पोहे वाढायला उठायचे. रजा संपत आली होती. जूनमध्ये वर्गात उभं राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची, एवढंच उरलं होतं.

गुरुजी शाळाशाळांत जाऊन मनाच्या आजारांबद्दल बोलायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. तोंड उघडू नका." म्हणून मी त्यांच्याबरोबर एका शाळेत गेले. आम्ही सभागृहात पाऊल टाकतो तो काय, मंचावर चौरंग, कलश, आंब्याची पानं आणि बाजूला हवनकुंड! प्राचार्या हात जोडून पुढे आल्या. "गुरुजी, हवन कितनी देर चलेगा? बोर्ड की लड़कियाँ हैं, मन शांत हो जाए बस."

एरवी गुरुजींनी यावर तासभर हशा पिकवला असता. पण त्या दिवशी ते हसले नाहीत. येताना जिलेबीचं दुकान लागलं, तरी त्यांनी ऑटो थांबवली नव्हती. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आज माझ्यानं नाही होणार, बाई. तुम्ही बोला." आणि मला मंचाशी सोडून सरळ शेवटच्या रांगेत मुलींमध्ये जाऊन बसले.

मला इतका राग आला! पळावं तर दार त्यांच्याच मागे. शेवटी मी कलशाला धरून उभी राहिले आणि बोलले. वर्गात आवाज कसा गेला, पलंग कसा धरला, डॉक्टर काय म्हणाले, सगळं हिंदीत, अडखळत. मुली ऐकत होत्या. कोणाला काही विचारायचंय का, म्हटलं.  मग मागून एक हात वर आला. गंध लावलेले आमचे गुरुजी उभे राहिले.

"मुझे कई रातों से नींद नहीं आई. खाना अच्छा नहीं लगता. रोना आता है. मैं क्या करूँ?"

 मी म्हणाले, "कल डॉक्टर के पास चलेंगे, गुरुजी. मैं साथ आऊँगी." ते म्हणाले, "ठीक है." आणि बसले. त्यानंतर मुलींचे इतके हात वर आले, की हवन राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. औषध बदललं, आणि यथावकाश जिलेबीही परत सुरू झाली. जूनमध्ये मी वर्गात उभी राहिले; अजून उभी आहे.

गेल्या वर्षी गुरुजींच्या मुलानं त्यांना कायमचं नाशिकला नेलं. आम्ही सगळी रविवारची मंडळी स्टेशनवर गेलो होतो. गाडी यायच्या आधी मी अखेर विचारलंच, "गुरुजी, त्या दिवशी सगळ्यांसमोर मला विचारलंत, ते मला धीर यावा म्हणूनच ना?"

"छे हो बाई, एवढा हुशार कुठला मी!" ते म्हणाले. "इतकी वर्षं लोक मला विचारत होते. मी कोणाला विचारू, ते मला कळत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही दिसलात."

मी तिथेच, प्लॅटफॉर्मवर, लहान मुलीसारखी रडले.