रेडिओवरचा संसार

भांडायला हक्काचं माणूस उरलं नाही की बाई निम्मी मुकी होते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. घरात आमचे हे आहेत, पण देवमाणूस. त्यांच्याशी भांडायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. माझी खरी भांडणं व्हायची ती शहाद्याजवळच्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर, संध्याकाळच्या कार्यक्रमात.

तिथे आम्ही नवरा-बायको होतो. माझे ते रेडिओवरचे नवरे दिवसा बसस्टँडवर गाड्या पुकारायचे, मी शाळेत शिकवायचे. हातात कागद असायचा तो फक्त विषयाचा: कापसावरची बोंडअळी, रेशनकार्ड, पोरांचं लसीकरण. बाकी सगळं अहिराणीत, तोंडाला येईल ते. "काय वं, अळी पडनी तवय तू काय कर ऱ्हायंती?" असं ते सुरू करायचे, की मी घरून नेलेली पितळी थाळी जमिनीवर आदळायचे. नवापूरपासून अक्कलकुव्यापर्यंत लोक हसायचे. लांबच्या गावांतून लग्नपत्रिका यायच्या, दोघांच्या नावाने एकच. केंद्रावरचे सगळे त्यावरून आमची चेष्टा करायचे.

कार्यक्रम संपून तांबडा दिवा विझला की ते चटकन उठायचे. "येतो ताई." मी म्हणायचे, "या भाऊ, सांभाळून जा." एवढंच. लोकांना वाटेल तसं काही नव्हतं. पण सकाळी पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी टोमणे रचायचे. पोळी करपली तरी हसत असायचे. हे कोणाला सांगायचं?

मागच्या बैलपोळ्यानंतर ते झोपेतच गेले. मी ह्यांच्यासोबत त्यांच्या घरी गेले, बायकांत सगळ्यात मागे बसले. त्यांची बायको ऊर बडवून रडत होती आणि मी दगडासारखी कोरडी. टिपूस काढलं असतं तर चार तोंडांना चार विषय मिळाले असते. 'सोबत काम करायच्या' एवढीच माझी ओळख, आणि तेवढ्या ओळखीला रडायचा मान नसतो. घरी आल्यावरही रडू फुटेना. चिडचिड तेवढी वाढली, ती ह्यांनी मुकाट्याने गिळली.

केंद्राने पुढे नवी जोडी आणली. बरी आहेत पोरं, पण एकमेकांचं ऐकून घेऊन बोलतात. आम्ही कधी दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला तेच हवंय. माझं बोलणं अर्ध्यात तोडणारा तो आवाज हवाय.

मग एका दुपारी दोन बायका दारात उभ्या राहिल्या, एक म्हातारी आणि तिची सून. तापीकाठच्या कुठल्याशा गावाहून, बसस्टँडवर 'रेडिओवाली'चं घर विचारत आल्या होत्या. ते गेल्याचं त्यांनी रेडिओवरच ऐकलं होतं. पिशवीत एक फिकट साडी होती. मला माहेर उरलं नाही, असं रडगाणं मी कार्यक्रमात नेहमी गायचे. म्हणून माहेरची दुखवट्याची साडी त्या घेऊन आल्या होत्या.

म्हातारीने माझ्या हातांकडे पाहिलं. "बरं करं माय, बांगड्या फोड्यात नही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या ह्यांच्यावर गेली. "ह्या कोन शेतस?"

ह्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस.

"मी शेजारी शे," हे म्हणाले. "तुम्ही बठा तिनाजोडे. मी चहा ठेवस."

म्हातारीने मला कुशीत ओढलं, आणि मी रडले. गल्लीभर ऐकू जाईल असा हंबरडा फोडून रडले. माझा नवरा गेला होता, आणि माझा नवरा आत चहा ठेवत होता.