चौथा आकडा

"आमी खाली उभं ऱ्हातो. कुणी वरनं वतलं तर भरतो. न्हाय वतलं तर रिकामी घागर घिऊन येतो."

साहेबांनी फॉर्मवरचं हे उत्तर बाईच्या आवाजात, हेल काढून वाचलं. सगळी कचेरी हसली. शेजारचा कारकून म्हणाला, "सायेब, घागर बी धाडूया की पुण्याला. कॉम्प्युटरात मावती का बघू!"

मीही हसलो.

फॉर्म माझ्या अक्काचा होता. थोरल्या बहिणीचा. वर सासरचं आडनाव, शिरोळकडचं गाव. कुणाला कळलं नाही. माझी जातही तिथे कुणाला ठाऊक नव्हती. आडनावावरून कळत नव्हती आणि मी सांगितली नव्हती.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापुरातली ती कचेरी खेड्यांची पाहणी करायची. गावोगावचे फॉर्म यायचे. त्यातली माहिती पुण्याला कॉम्प्युटरसाठी कार्डांवर भोकं पाडून साठवायची होती. एका प्रश्नाला एक रकाना, एका उत्तराला एक आकडा. ही मांडणी माझी. पाणी कुठून भरता? एक, घरची विहीर. दोन, गावची विहीर. तीन, नदी किंवा ओढा.

चौथं उत्तर मला माहीत होतं. लहानपणी आईबरोबर आमच्या गावच्या विहिरीच्या कट्ट्याखाली मी उभा राहिलो होतो. तरी ते मी घातलं नाही. घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं माहीत?

"विहिरीचंच पाणी ना ते? दोन लिही," साहेब म्हणाले.

मी दोन लिहिला. अक्काच्या आधीही अशी उत्तरं आली होती. तिथेही दोनच लिहिला होता. हात थांबला नव्हता.

त्या रविवारी अक्काकडे गेलो. तिने तांब्या पुढे केला. मी प्यालो. ती म्हणाली, "परवा एक पावणं आलतं. समदं लिवून घेतलं बघ. म्या काय बी लपवलं न्हाय. आता वर कळंल की."

मी मान हलवली. काही वाटत नव्हतं. फक्त तांब्या खाली ठेवता येईना.

सोमवारी मांडणीचा कागद काढला. पाण्याच्या रकान्यात लिहिलं : चार, दुसऱ्याने ओतलं तरच. मग जुने गठ्ठे सोडले. प्रत्येक फॉर्म पुन्हा वाचला. जिथे मी खोटं लिहिलं होतं, तिथे दोन खोडून चार केला. बोटं शाईने माखली.

साहेबांनी कागद पाहिला. "हे कुणी सांगितलं तुला? असलं आता कुठं राहिलंय? काढ तो आकडा."

"काढणार न्हाय."

कचेरीत मी कधी असा बोललो नव्हतो. तिथे मी पुस्तकी बोलायचो.

"का?"

"तुमी जिचं उत्तर हेल काढून वाचलासा, ती माझी बहीण हाय. तसल्या विहिरीखाली मीबी उभा ऱ्हायलोय."

कुणी हसलं नाही. शेजारच्या कारकुनाने खुर्ची थोडी सरकवली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या माठाजवळ दोन पेले होते. एक रोजचा. दुसरा खिडकीत, पालथा. शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्यो तुमचा."

मी रोजचा पेला उचलला, पाणी प्यालो, जागेवर ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या माठातलं पाणी कुणी प्यायलं नाही.

महिनाअखेरीला मला काढलं. चौथा आकडा माझ्यामागे कुणी खोडला असेल तर मला माहीत नाही. अक्काला मी अजून सांगितलेलं नाही की पहिल्यांदा मी दोन लिहिला होता. हसलो होतो, तेही नाही.

पुढेही मी हेच काम करत आलो. आता कुठलीही मांडणी करताना पाण्याच्या रकान्यात चार आधी लिहितो, मग एक, दोन, तीन. काढ म्हणणारे आजही भेटतात. त्यांना मी माझी जात सांगतो, गाव सांगतो, विहीर सांगतो. आकडा काढत नाही.

येत्या रविवारी अक्काकडे जाणार आहे. तिलाही सगळं सांगणार आहे.