उशाकडची खूण

सकाळी अंग पुसायला म्हणून बाबांची कूस बदलली आणि मी हादरलेच. कानामागून खांद्यापर्यंत लालभडक चट्टा, त्यावर पाण्याने टम्म भरलेले फोड. आदल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं, त्यामुळे कुठे आग होते आहे हे सांगायची सोय नव्हती. डॉक्टरांनी घरी पाठवताना एकच बजावलं होतं: कातडी सांभाळा, पाठ फुटली की म्हातारं माणूस हातचं जातं.

मी चादरीला दोष दिला. द्यायलाच हवा होता, कारण ती होतीच तशी. अहेरीच्या बाजारातून मीच पॉलिस्टरची आणली होती. "सुरकुती पडत नाई मॅडम, धुतली का लगेच वाळते," असं दुकानदार म्हणाला आणि मी भुलले. पडून असलेल्या माणसाला सुरकुती टोचते, एवढंच डोक्यात होतं. त्यांचा घाम कुठे जाणार, हे मात्र सुचलं नाही. सुती कापड घाम शोषतं, हे शाळेत दरवर्षी मीच शिकवते!

दुसरी चादर मोबाईलवरून मागवली. सॅटिनची, हात फिरवला तर हात घसरावा अशी. त्यावरून बाबाच घसरायला लागले. दर तासाला उशीवरून खाली, आणि वर ओढून घेताना पाठीची कातडी ताणली जायची. चार दिवसांत फोड पुन्हा तिथेच. पहिले अजून सुकले नव्हते. आता मला खरंच भीती वाटायला लागली. तिसऱ्या वेळी मी दुकानात उभी राहून एकेक चादर गालाला घासून पाहिली. लोक बघत होते, बघू देत. शेवटी हातमागाची सुती घेतली, पातळ आणि मऊ. घरी आल्याबरोबर तिच्यावर खूण केली आणि बाबांच्या खाली घातली.

ही खूण आमच्या घरची. बाबा आलापल्लीला सागवानाच्या डेपोत नोकरीला होते. हातोड्याचा छाप बसल्याशिवाय तिथून ओंडका हलायचा नाही, आणि तीच शिस्त त्यांनी घरी आणली. टॉवेल, पंचा, चादर, सगळ्यांच्या कोपऱ्यात बिब्ब्याचा काळा ठिपका. बिब्ब्याला सुई टोचायची, तेल कापडाला लावायचं, वरून चुना. मग कितीही आपटा, खूण जात नाही. आमच्या धुणंवाल्या बाई पाच घरचे कपडे एकत्र नेतात, पण आमची चादर कधी चुकली नाही. शिवाय ठिपका उशाकडेच यायला हवा, म्हणजे पायाकडची बाजू तोंडाशी येत नाही. बाबांना आता सुई धरता येत नव्हती, म्हणून तिन्ही चादरींवर मीच ठिपके दिले. एक छोटा दिसेना, म्हणून तीन-तीन दिले. ते करताना मला फार बरं वाटायचं. त्यांचं काहीतरी मी चालू ठेवलं आहे असं वाटायचं.

बाबा मात्र डाव्या हाताने उशाखालची चादर ओढून काढायचे. दिवसातून दहादा.

"बाबा, काऊन ओढून राह्यले? तुमच्यासाठीच आणली ना एवढी चांगली!" मी ओरडायचे आणि पुन्हा खोचायचे. हातमागाच्या चादरीला तर मी वैतागून सेफ्टी पिनाच लावल्या.

त्या चादरीवरही तिसऱ्या दिवशी फोड आले आणि फुटले. धुणंवाल्या बाई धुणं न्यायला आल्या होत्या, त्यांनी दारातूनच बघितलं आणि थबकल्या.

"मॅडम, हा तं बिब्बा उतला. त्याच्या तेलाचे फोड हायेत हे."

"काहीतरी बोलू नका. जन्मभर लावतो आम्ही बिब्बा."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत तसेच फोड होते, काही सुकलेले, काही ताजे. "तुमची ते चमकनारी चादर धुतली, तवापासून हाये."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तुमी मास्तरीन बाई. तुमाले माहीत नसन का, असं वाटलं. नव्या खुनेची चादर कोनी लगेच निजाले देते का? चार धुने होऊ द्याचे, उन्हात घालाची, मंग अंगाखाली घ्याची."

आमच्याकडेही नवी चादर पंधरा-पंधरा दिवस नुसती दोरीवर असायची. आई ती का वाळत घालते, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी फक्त ठिपका उचलला होता. फोड आले की चादर बदलायची, नव्या चादरीवर ताजा बिब्बा द्यायचा आणि तो कोपरा नेमका त्यांच्या मानेखाली सारायचा, हे मी तीनदा केलं होतं. आणि ते सोडवून घेत होते, तर मी पिना लावल्या होत्या.

मी पिना ओढू लागले, पण त्या निघेनात. बाईंनीच त्या काढल्या. मी कपाटातून जुनी, विरलेली सुती चादर काढली, शंभरदा धुतलेली, खूण पार फिकी पडलेली. ती अंथरली. बाई म्हणाल्या तसं आधी खोबरेल लावलं, मग डॉक्टरांना फोन केला.

बाई गेल्यावर मी बाबांच्या शेजारी बसले. तोंड वर करवत नव्हतं. "बाबा, हे म्याच केलं. बिब्बा म्याच लावला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने माझा हात धरून त्यांनी तो उताणा केला. मला वाटलं, दूर सारताहेत. पण ते माझं एकेक बोट वेगळं करून, बेचक्यांत अंगठा फिरवून बघत होते. दोन्ही हात झाले. मला कुठे उतलं आहे का, ते शोधत होते.

माझ्या बोटांना काहीच झालं नव्हतं. तशी खात्री झाल्यावर त्यांनी हात सोडला, आणि मी तिथेच ढसाढसा रडले.