घरचा समुद्र
शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी सुकट भाजली की मला विशाखापट्टणमचं बंदर आठवतं आणि डोकं फिरतं. नव्या कंपन्यांत नोकऱ्या लागल्या म्हणून दिल्लीच्या मयूर विहारची आमची टोळी समुद्र बघायला गेली होती. होडी खोल पाण्यात पोचल्यावर एकजण म्हणाला, "तू तो मराठी है, समंदर तो तेरे घर का है!" आणि त्यानं मला ढकललं. माझ्या घरचे मूळचे नागपूरचे. मी पाणी पाहिलेलं ते बसच्या खिडकीतून, यमुनेचं. माझ्या नाकातोंडात खारट पाणी आणि वर त्यांचं खिदळणं, "नाटक बंद कर, यार!" शेवटी नावाड्यानं वेणी धरून मला वर ओढलं. परवा तो ढकलणारा मेट्रोत भेटला. "फिर चलें?" म्हणाला. म्हटलं, "बिल्कुल. इस बार धक्का मैं दूंगी."