अधिक महिन्यात बुलडाणा दर्शन

ज्याची सासुरवाडी बुलडाण्यात आहे त्याने अधिक महिन्यात ते शहर बघायला जाऊ नये. जायचंच असेल तर आपण जावई आहोत हे कोणाला कळू देऊ नये. हे शहाणपण मला पन्नाशीत आलं, आणि तेही चार टॉवेल, चार टोप्या आणि पिशवीभर अनारसे घेऊन परत येताना.

आम्ही नांदुऱ्याचे. मी एका जिनिंगमध्ये कारकून आहे. कापसाच्या हंगामात आलेल्या गाड्या लिहून घ्यायच्या आणि शेतकऱ्यापासून मालकापर्यंत सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. पावसाळ्यात तेवढी उसंत असते. नांदुऱ्याहून मोताळ्यामार्गे बुलडाणा फार दूर नाही. शेवटी राजूरचा घाट चढला की वर शहर. माझी बायको लग्नाआधी दोन वर्षं तिथे डी.एड.ला होती, मुलींच्या वसतिगृहात. तेव्हा तिचं माहेर घाटाखालच्या खेड्यात होतं; भाऊ आणि बाकीचं गणगोत नंतर वर शहरात आलं. रेक्टरबाई अशा कडक की रविवारी दोन तास बाजार, तोही रांगेत, एवढीच मोकळीक. घाटात एका वळणावर लोक गाड्या थांबवून कठड्यापाशी उभे राहतात. तिथून खालचा सगळा सपाट मुलूख दिसतो. बायकोने तो दोन वर्षं फक्त येता-जाता पाहिला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती मला म्हणाली होती, "मले एकदा तिथं उतरून उभं राह्याचं हाये. कोनाची घाई नसताना."

मी म्हणालो, त्यात काय मोठं. त्याला चोवीस वर्षं झाली. त्या काळात आम्ही बुलडाण्याला लग्नांना गेलो, बारशांना गेलो, दहाव्यांना गेलो. घाट दर वेळी लागला आणि दर वेळी कुठला तरी मुहूर्त टळत होता. अलीकडे तिने विषय काढणंच सोडलं होतं. तिने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं.

अशात अधिक महिना लागला आणि माझ्या साळ्याचा फोन आला, "भाऊजी, धोंड्याले या. ताईले घेऊन या. तीन वर्षांतून एकदा तं येते हा महिना." अधिक महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायणाचा जोडा समजून जेवू घालतात, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे देतात, हे काही नवीन नाही. मी मनात ठरवून टाकलं. पहिला दिवस साळ्याचा, दुसरा दिवस आमचा दोघांचा. सकाळी तलाव, मग बालाजीचं मंदिर, मग बाजार, आणि चार वाजता घाट. मी हे सगळं कागदावर लिहिलं आणि बस स्टँडवर बायकोला वाचून दाखवलं. तिने कागद हातात घेतला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.

"घाट खरंच लिवला तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. पण मोताळ्यापर्यंत ती गप्पा मारत होती. एवढ्या गप्पा तिने वर्षभरात मारल्या नव्हत्या.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला. साळा जिल्हा परिषदेत माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे, पण त्याने माझे पाय परातीत धुतले, टॉवेल-टोपी दिली, नमस्कार केला. त्याच्या बायकोने तुपाची धार धरली ती मी हात आडवा केला तरी थांबेना. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. चूक माझ्या तोंडून झाली. पान खाता खाता मी म्हणालो, "उद्या आम्ही दोघं जरा शहर बघून येतो."

झालं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"दोघं? कशानं?" साळ्याने विचारलं.

"ऑटोनं, नाही तर पायी."

"जवाई पायी फिरन? धोंड्याच्या महिन्यात? लोकं शेन घालतीन माह्या तोंडात!" त्याने तिथल्या तिथे रजा टाकली, मित्राची गाडी सांगितली आणि नातेवाइकांना फोन लावले. नारायण उद्या अमुक वाजता तुमच्या घरावरून जाणार, अशी दवंडीच पिटली म्हणा ना.

सकाळी गाडीत साळा, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही. तलावाजवळ गाडी जरा हळू झाली. "हा तलाव. पानी हाये, बाकी काय पाह्याचं?" असं म्हणून साळ्याने वेग वाढवला. बालाजीचं मंदिर काचेतून दिसलं, कारण चुलत काकांकडे पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. जिथे मात्र आम्हाला खाली उतरवलं ते ठिकाण म्हणजे चिखली रोडला साळ्याने घेतलेला प्लॉट. चार कोपऱ्यांना चार दगड आणि मधे कमरेएवढं गवत. "हा हॉल," साळा म्हणाला. "इकडं या, हे किचन. भाऊजी, तुम्ही बेडरूममंधी उभे हाये." बेडरूममध्ये माझी चप्पल चिखलात रुतून बसली. माणसं ताजमहाल दाखवताना इतकी रंगत नाहीत.

मग काकांकडे परात, पाय, टॉवेल, टोपी, धोंडे. मामेभावाकडे परात, पाय, टॉवेल, टोपी, धोंडे. "त्याहीच्याइथं दोन खाल्ले, आमच्याइथं एकच? आमचं काय चुकलं?" असं विचारल्यावर मी दुसराही घेतला. पुरण गळ्यापर्यंत आलं होतं. मी चिडून बायकोकडे बघत होतो, जणू हे सगळं कुळच तिने जन्माला घातलं होतं.

बायकोच्या मावशींच्या घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. हात धुवायला मोरीवर गेलो तेव्हा मी तिला हळूच म्हणालो, "अगं, सांग ना यांना काहीतरी. चार वाजता जायचं आहे."

"मी सांगून काय होते? मी माहेरची पोरगी. मले दहा कामं सांगतीन," ती म्हणाली. "जवाई उठला का सगळे उठतात. तुम्ही उठा."

"असं ताटावरून उठता येतं का?"

"ताटावरून नका उठू. जेवन झाल्यावर उठा."

इतकं सोपं होतं. आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण तेव्हा मी ती स्वतःशीही केली नव्हती. वर्षभर ज्याच्यावर कोणीही ओरडतं त्या माणसाला लोक पाटावर बसवत होते, पाय धुवत होते, काय हवं नको विचारत होते. मी कुरकुरत होतो खरा, पण मला ते आवडत होतं. जेवण झालं. मावशींनी गादी घातली, पंखा सुरू केला. "पाच मिनिटं पाठ टेका, जवाईबापू," त्या म्हणाल्या. बायको दारात उभी होती. मी तिला हाताने खूण केली, आलोच. आणि पाठ टेकली.

जाग आली तेव्हा सहा वाजायला आले होते. घरात गोंधळ. बायको कुठे दिसेना. साळ्याच्या बायकोला वाटत होतं ती मावशींसोबत आहे, मावशींना वाटत होतं ती शेजारी गेली. फोन लावला तर रिंग गेली, मग तिचा आवाज आला आणि वाऱ्याचा.

"घाटात हाये," ती म्हणाली. "काळी-पिवळी जीपनं आली. वापस येऊनच राह्यली."

माझा संताप अनावर झाला. सगळ्यांसमोर मी म्हणालो की हा काय वेडेपणा, लहान मुलीसारखं न सांगता जायचं, बाईमाणसाने एकटीने घाटात उभं राहायचं, काही झालं असतं तर? साळाही म्हणाला, "ताईनं सांगायचं तं होतं, आपन सगळे गेलो असतो, गाडीत जागा केली असती." मावशी म्हणाल्या की जवाईबापूंना झोपेतून उठवायला नको म्हणून गेली असेल.

अर्ध्या-पाऊण तासाने ती आली. केस भुरभुर पावसाने ओले, साडीच्या काठाला चिखल. मी दारातच तिला गाठलं. चांगले चार शब्द सुनवायचे असं ठरवलं होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहून भलताच प्रश्न तोंडातून गेला.

"कसं होतं?"

"चांगलं होतं," म्हणून ती आत गेली. आणि मग स्वयंपाकघरात साळ्याच्या बायकोला सांगताना मी तिला ऐकलं. ढग कसे पायाखाली होते, मधेच फाटून खालचा रस्ता कसा दिसला, कणसं भाजणाऱ्या बाईने तिला बसायला दगड पुसून कसा दिला. ती हसत होती. मी बैठकीत टॉवेल-टोप्यांची पिशवी घेऊन बसलो होतो आणि मला लाज वाटत होती. रागापेक्षा तीच जास्त होती.

दुसऱ्या दिवशी साळ्याने बसमध्ये दोन जागा धरून दिल्या. बायकोने मला खिडकीशी सरकवलं आणि स्वतः अलीकडे बसली. घाट लागला. ते वळण आलं तेव्हा कठड्यापाशी दोन-तीन जोडपी उभी होती, ऊन पडलं होतं आणि खाली पार मोताळ्याच्या पलीकडपर्यंत हिरवं दिसत होतं. एवढं मोठं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दहा आकडे मोजायच्या आत बस पुढे गेली.

"दिवाळीत येऊ," मी म्हणालो. "दोघंच. कोणाकडे जायचं नाही, सरळ इथे उतरायचं."

"तुम्ही उतरजा," ती म्हणाली. "म्या पाह्यलं."